पंपाचे अडकलेले बूच सोडवताना



गव्हाला पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी पाणी द्यावेच लागते. त्या वेळी मुकुटमुळे फुटत असतात. नेमक्या त्याच दिवसांत एका वस्तीवरून मला बोलावणे आले. फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपण फुटबॉल म्हणतो, तो गळत होता. पंपातले पाणी उतरून गेले होते, आणि पाणी भरायचे वरचे बूच काही केल्या निघत नव्हते. मी पोचलो तोवर छिन्नी-हातोडी चालून गेली होती. बुचाचे डोके गोल झालेले, आणि शेजारी पंपाच्या बॉडीला केसाएवढी चीर! बूच किरकोळ किमतीचे, पण बॉडी बदलावी लागली आणि पाणी आठ दिवस लांबले.

पंपाची बॉडी बिडाची असते. बीड दिसते लोखंडासारखे, पण ते वाकत नाही, तडकते. म्हणून त्याच्यावर घाव घालू नये.

मग पीक वाळत असताना करायचे काय? बुचाशी झटत बसू नका. ते उद्या निघेल. आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढा. पंपालगतचा डिलिव्हरी पाइपचा जोड खोला आणि तिथून तांब्या-तांब्याने पाणी ओता. भडाभडा ओतले तर हवा आत कोंडते. मधून मधून शाफ्ट हाताने थोडा फिरवा, म्हणजे बुडबुडे वर येतील. पाणी तोंडाशी येऊन थांबले, की पंप भरला. खालीच जात राहिले तर मात्र दोष फुटबॉलचा. त्यात कचरा अडकला आहे का, की आतले कातडे गेले, ते पाहावे लागेल. कोरडा पंप चालवून बघण्याचा मोह आवरा, नाहीतर ग्लँडची दोरी किंवा सील जळेल.

पाणी देऊन झाले की मग सवडीने बुचाकडे वळा. विहिरीच्या पाण्यातले क्षार आट्यांत बसतात, त्यात गंज मिळतो, आणि वर्षानुवर्षे न हाललेले बूच बॉडीशी एकजीव झाल्यासारखे होते. पहिल्यांदा तारेच्या ब्रशने भोवतालची खपली काढा. मग कडेने डिझेल किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे गंज सोडवणारे तेल थेंब-थेंब सोडा आणि रात्रभर मुरू द्या. खालच्या बाजूच्या बुचावर तेल टिकत नाही; तिथे तेलात भिजवलेले फडके गुंडाळून बांधा. विहिरीचे पाणी घरात पिण्याला असेल, तर खाली पत्र्याचा डबा ठेवा. थेंब विहिरीत जाता कामा नये.

सकाळी बुचाच्या डोक्यावर लहान हातोडीने टिचक्या मारल्यासारखे दहा-वीस हलके ठोके द्या. हे ठोके बुचालाच, बॉडीला नाही. त्याने आट्यांतला गंज भुगा होतो आणि तेल आत शिरते. पाना बरोबर मापाचा घ्या. ढिला पाना एकदा घसरला की डोक्याचे कोपरे गेले, आणि काम दुप्पट झाले.

आता फिरवण्याची बाजू. बुचाच्या डोक्याकडे तोंड करून पाहिले असता ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवले की सुटते. वरच्या बुचाला कोणी चुकत नाही. खालचे बूच मात्र आपण वरून वाकून बघतो आणि बाजू उलटी होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः अर्धा तास ते आवळतच बसलो होतो, आणि पदवी असूनही ते मला एका सालगड्याने सांगितले!

एकदम जोर लावू नका. आधी केसभर आवळण्याच्या बाजूला, मग सोडण्याच्या बाजूला, असे मागेपुढे करा. करकर आवाज आला की पुन्हा तेल द्या. पान्याला पाइप लावून दांडा लांब करता येतो, पण जोर सावकाश वाढवा. दोन माणसे लटकून हिसका देतात, ते नको. डिलिव्हरी पाइप पाण्याने भरलेला असेल तर बुचामागे त्या पाण्याचा दाब असतो; तोंड बाजूला ठेवा आणि पाणी झिरपू लागले की थांबून दाब उतरू द्या.

तरीही हलत नसेल तर बुचाभोवतीच्या बॉडीवर आधी कोमट, मग गरम पाणी ओता आणि लगेच प्रयत्न करा. बॉडी किंचित फुगते आणि पकड सैल होते. ब्लो-लॅम्प लावू नका. डिझेल पेट घेईल, आत कोंडलेल्या पाण्याची वाफ होईल. एवढ्यानेही न निघाल्यास पंप उतरवून लेथवाल्याकडे न्यावा. तो बूच भोक पाडून काढतो आणि आटे पुन्हा पाडून देतो.

निघालेले बूच झिजलेले असेल तर परत बसवू नका. नव्याला सफेदा आणि सुतळी लावण्याची जुनी रीत आहे. पण सफेदा वाळून घट्ट धरतो, आणि पुढच्या खेपेला हीच कुस्ती. त्यापेक्षा टेफ्लॉन टेप आवळण्याच्या दिशेने दोन-तीन वेढे गुंडाळा. सुरुवातीचे आटे बोटांनीच लावा, पाना नंतर. गळती थांबली की तिथेच थांबा. आणि पोळ्याला एकदा, होळीला एकदा बूच खोलून, आटे पुसून परत लावत जा. पाच मिनिटांचे काम आहे.