गावनमुना बारा आणि राष्ट्रविकास



राष्ट्राच्या विकासाची चर्चा निघाली की महामार्ग, बंदरे, उपग्रह यांची नावे येतात. गावनमुना बाराचे नाव कोणी घेत नाही. सातबाऱ्यातील सात हा मालकीचा नमुना, बारा हा पिकांचा. मालकीसाठी पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले. शेतात यंदा काय पेरले, ही नोंद मात्र सर्वांच्या लेखी दुय्यमच राहिली.

नांदेड व लातूरचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. कारभाराची भाषा उर्दू. आपल्याच शेताविषयी दप्तरात काय लिहिले आहे, हे मराठी शेतकऱ्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. पुढे दप्तर मराठीत आले. तरी पीकपाहणी चावडीत बसूनच उरकली जाते, ही तक्रार काही संपली नाही.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बाराचा रकाना शेतकऱ्याच्या हाती आला. तो शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घेतो, पीक आणि क्षेत्र स्वतः भरतो. हा अधिकार लहान नव्हे.

औसा, निलंगा, मुखेड, बिलोली या पट्ट्यात खरीप म्हणजे सोयाबीन. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी भाव मिळत होता. खरेदी केंद्रावर नाव नोंदवायचे तर सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद हवी. ती नसलेल्याचा माल आडतीवर गेला, मिळेल त्या भावाने.

आणि हा केवळ एका घराचा हिशेब नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावरील आयातशुल्क वाढवले, मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा घटवले. असे निर्णय देशात किती पिकणार या अंदाजावर उभे असतात. आणि त्या अंदाजाचे मूळ गावच्या शिवारात आहे. तिथली नोंद खोटी, तर दिल्लीतला आकडाही खोटा.

यंत्र मात्र दप्तरातले जुने दोष आपोआप धुऊन काढत नाही. तोंडी बटईने शेत करणाऱ्याचे नाव उताऱ्यावर येतच नाही. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली, यातच सर्व आले. शिवाय नोंदीचे दिवस ऐन पावसाळ्यातले. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीने दोन्ही जिल्ह्यांतील शेते पाण्याखाली गेली, तेव्हा रेंज नसलेल्या शिवारात वृद्ध विधवेने छायाचित्र काढायचे कसे?

एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत शिकणारी मुले पोळ्याला गावी येतात. बैलांची मिरवणूक दुपारनंतर असते; सकाळ मोकळी असते.