नाव भाड्याने घेताना

(अंबड, नाशिक येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



मी लहान दुकानांचे हिशेब लिहितो. तुमच्यापैकी अनेकजण विचारतात, "भाई, अंबडला सँडविचची फ्रँचायझी काढली तर?" विचार चांगला आहे. एमआयडीसीत पाळ्या चालतात, शेजारी सिडकोची वस्ती आहे. पण फ्रँचायझीत भाडे, पगार आणि तोटा तुमचा. नाव कंपनीचे, तेही भाड्याने.

हे भाडे नफ्यावर नव्हे, विक्रीवर द्यावे लागते. 'सबवे'चे अमेरिकेतले दर घ्या : ८ टक्के रॉयल्टी, ४.५ टक्के जाहिरातीसाठी. हेच दर धरून इथला हिशेब मांडू. करापूर्वी दीडशे रुपयांची ९० सँडविच रोज विकली, तर महिन्याची विक्री ४,०५,००० रुपये. तिचे साडेबारा टक्के ५०,६२५. त्यावर १८ टक्के जीएसटी. ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या रेस्टॉरंटला या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे सुमारे ५९,७०० रुपये गेले. रोजच्या नव्वदातली तेरा सँडविच नावासाठी! पाव, भाजी, वीज, पगार हे सगळे उरलेल्यांतून. दुकान तोट्यात असले, तरी ही तेरा चुकत नाहीत.

बदल्यात ठरलेली पाककृती, प्रशिक्षण आणि ओळखीचे नाव मिळते. नवख्याला हा मोठा आधार आहे. म्हणूनच करार नीट वाचा. अमेरिकेत सहीच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला व्यवसायाची माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. १८७२च्या करार कायद्यावर काम चालते. तेव्हा विचारायचे आपणच. दुसरे दुकान किती अंतरावर देणार? चिकन कुणाकडून घ्यायचे, ते हलाल आहे का? मध्येच बंद केले तर अनामत परत मिळते का? बंद पडलेल्या दुकानांच्या मालकांनाही भेटा.

आपल्याकडे भांडवल घरातून येते : अब्बांचा फंड, अम्मीचे दागिने, मामूंची उसनवारी. सगळे तोंडी. कुरआनातली सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. कागद मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. मित्रासोबत धंदा काढलात, तर भागीदारी नोंदवा. १९३२च्या कायद्यानुसार नोंदणी नसेल, तर करारातल्या हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही.

आणखी एक गोष्ट. १९६५मध्ये सतरा वर्षांच्या फ्रेड डेलुका यांनी कुटुंबाचे स्नेही पीटर बक यांच्या हजार डॉलरवर पहिले दुकान काढले. तेच पुढे 'सबवे' झाले. फ्रँचायझी द्यायला त्यांनी १९७४मध्ये सुरुवात केली. आधी नऊ वर्षे स्वतः दुकाने चालवून धंदा शिकले.

तुम्ही निदान आठवडाभर शिका. पाळी सुटताना वही घेऊन कारखान्यांच्या फाटकाबाहेर उभे राहा. कोण काय खातो, किती पैसे देतो, ते लिहा. दीडशे रुपये देणारे नव्वद दिसले, तर करार मागवा. वीस-तीस रुपयांवर हात थांबत असेल, तर स्वतःच्या नावाची गाडी लावा. नाव लहान असेल, पण ती तेरा सँडविच तुमची राहतील.