सांगावयाची लाज नको
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की संतचरित्र किंवा मुलांवरील संस्कार असा काही विषय असतो. आपल्या चिटणीसबाईंनी मात्र मला लघवीच्या तक्रारींवर बोलावयास सांगितले. विषय ऐकून मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली. त्याचे मला नवल वाटत नाही. पुष्कळ वर्षे परिचारिकेचे काम केल्यावर एवढे मात्र सांगते की, खोकला सांगतो, ताप सांगतो, तशीच ही तक्रारही वेळेवर सांगितली पाहिजे. लाजेपायी ती दडवली जाते आणि साधे दुखणे अवघड होऊन बसते.

प्रथम शरीराची रचना पाहू. दोन मूत्रपिंडे रक्त गाळून लघवी तयार करतात. ती दोन नळ्यांनी मूत्राशयाच्या पिशवीत उतरते. या पिशवीत साधारण दोन पेले लघवी मावते. पुढचा मार्ग पुरुषांत सुमारे २० सेंटिमीटर असतो. स्त्रियांत तो अवघा ४ सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीएवढा. शौचाची जागाही जवळच. त्यामुळे तेथील जंतू स्त्रियांच्या पिशवीत लवकर शिरतात. म्हणून शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा, आणि मुलींनाही लहानपणीच तसे शिकवावे.

आपल्या वऱ्हाडात आणखी काही कारणांची भर पडते. अमरावती-अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. घामावाटे पाणी निघून जाते, लघवी घट्ट व पिवळी होते आणि खडा धरण्यास ते निमित्त होते. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूस खारपाणपट्टा आहे. वान आणि शहानूर धरणांचे नळाचे पाणी आता तेथील पुष्कळ गावांना मिळते. तरी विहिरीचे खारे पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून कमी पिणारी माणसे मी पाहिली आहेत. मूत्रपिंडाच्या सर्व दुखण्यांचा दोष मात्र एकट्या पाण्यावर टाकून मोकळे होऊ नये. मधुमेह, रक्तदाब आणि अंगदुखीसाठी रोज घेतलेल्या गोळ्या यांनीही मूत्रपिंडे खराब होतात.

दुसरे कारण आडोशाचे. कापूस वेचणारी मजूर बाई सकाळपासून सांज होईपर्यंत लघवी धरून ठेवते. एस.टी.ने जायचे म्हणून आपणही पाणी पीत नाही. मुंबईत स्त्रियांच्या संस्थांनी २०११ साली 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली, ती याच हालांसाठी. आपल्या बाजारात व बसस्थानकावर स्त्रियांसाठी स्वच्छ मुतारी असावी, ही मागणी आपल्यासारख्या मंडळांनीच लावून धरावयास हवी. तोवर तीन-चार तासांनी लघवीला जावे, आणि लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी प्यावे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी त्यांचेच ऐकावे.

लघवीला जळजळ झाली की आपण म्हणतो, 'उन्हाळी लागली.' धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, नारळपाणी हे उपाय आपल्या आजीपासून चालत आले आहेत. एखादा दिवस ते जरूर करावेत. परंतु दोन दिवसांत उतार न पडल्यास ती उन्हाळी नव्हे, जंतुदोष समजावा आणि लघवी तपासून घ्यावी. पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत घ्यावी. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. दिलेला औषधाचा क्रम अर्धवट सोडू नये.

दर्यापूरकडील एका बाईची हकीकत सांगते. कमरेत कळा आणि लघवीला आग, असे तिचे कित्येक महिने चालले होते. घरी सांगितले की 'उन्हाळीच आहे' असे उत्तर मिळे. अखेरीस थंडी वाजून ताप भरला, तेव्हा तिला दवाखान्यात आणले. खड्याने नळी अडली होती आणि त्या बाजूचे मूत्रपिंड जवळजवळ निकामी झाले होते. एक सोनोग्राफी वेळेवर झाली असती तर ते वाचण्याचा पुष्कळ संभव होता.

खोकताना, शिंकताना लघवी सुटणे हीदेखील अनेकींची व्यथा आहे. बाळंतपणे झाली, वय झाले, आता असेच चालायचे, असे समजून कित्येकजणी समारंभाला जाणेसुद्धा सोडतात. वारा अडवताना जे स्नायू आवळतो तेच पाच अंक मोजेपर्यंत आवळावे व सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावे. पुष्कळजणींना याने गुण येतो. अंग बाहेर येत असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

घरातील वडीलधाऱ्यांकडेही लक्ष असू द्या. मामंजी रात्री चार वेळा उठतात, लघवी सुरू होण्यास वेळ लागतो, धार बारीक झाली आहे, तर पन्नाशीनंतर वाढणारी प्रोस्टेट ग्रंथी बहुधा त्यामागे असते. त्यावर औषधे आहेत, आणि दुर्बिणीने शस्त्रक्रियाही होते. अशा माणसाने सर्दीची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. काही गोळ्यांनी लघवी एकाएकी अडते.

आता हे स्वयंपाकघरात टिपून ठेवा. पुढील गोष्टींत त्याच दिवशी दवाखाना गाठावा:

१. लघवी अजिबात न होणे व ओटीपोट तटतटणे.
२. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणे.
३. गरोदरपणी जळजळ किंवा ताप.
४. लघवी अडण्याबरोबर पायांत बधिरपणा अथवा अशक्तपणा.

आणि पुढील गोष्टींत मूत्ररोगतज्ज्ञांची, म्हणजे यूरॉलॉजिस्टची भेट टाळू नये:

१. लघवीतून रक्त, मग ते एकदाच दिसो आणि दुखो वा न दुखो.
२. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा जंतुदोष.
३. खडा, बारीक धार, लघवी उरल्याची भावना.

हे पुरुषांचेच डॉक्टर, ही समजूत खरी नव्हे. स्त्रियांच्या मूत्रमार्गाचे रोगही तेच पाहतात. अमरावतीस विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, जेथे मूत्रपिंडाचे प्रत्यारोपणही झाले आहे. अकोल्यास २००२ साली निघालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गरोदर स्त्रियांसाठी अमरावतीचे डफरीन व अकोल्याचे लेडी हार्डिंग आहेच. प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगावे. ते पुढे पाठवतील. तपासणीच्या वेळी बरोबर बहीण किंवा परिचारिका असावी, असे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे.

भगिनींनो, आज घरी गेल्यावर आपल्या सासूबाईंना, सुनेला आणि शेतावर येणाऱ्या बाईला एकदा आपणहून विचारा, 'लघवीचा काही त्रास नाही ना?' कित्येकजणी केवळ कोणी विचारत नाही म्हणून गप्प असतात.