राख त्यांची, माती आपली

(लातूर जिल्हा बैठकीतील भाषण)



वीटभट्टीवाला ट्रॅक्टर घेऊन बांधावर येतो, थोडी रोकड हातावर ठेवतो आणि अर्धा फूट माती उचलून नेतो. हिशेब करा. एका एकरातली अर्धा फूट माती म्हणजे सुमारे ६०० घनमीटर, सात-आठशे टन. शेणखताचा, पालापाचोळ्याचा कस असतो तो याच थरात. पावसाची ओल धरतो तोही हाच थर, आणि त्याच ओलीवर आपली रब्बी ज्वारी निघते. एकदा गेलेला हा थर आपल्या हयातीत परत येत नाही.

आता परळीकडे बघा. औष्णिक केंद्रात आपला देशी कोळसा जळला की शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख उरते. तिथे राख टाकायला जागा पुरत नाही, इथे माती पुरत नाही. या दोन धंद्यांची गाठ सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या आदेशाने घातली. केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या भट्ट्यांनी विटेत किमान २५ टक्के राख मिसळावी, असे त्यात होते. वरच्या थरातली माती वाचावी, हा हेतू त्या आदेशातच लिहिलेला होता.

पण नुसत्या हुकमाने राख हलत नाही. वाहतूक कोणी सोसायची? २०१६ मध्ये हद्द ३०० किलोमीटर झाली. १०० किलोमीटरपर्यंतचे भाडे वीज केंद्राने द्यायचे, पुढचे निम्मे-निम्मे, असे ठरले. लातूर परळीपासून शंभराच्या आत, नांदेडही तीनशेच्या आत. मग ३१ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने ठरलेला वापर न झाल्यास उरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई लावली. फेकणे महाग झाले की देणे परवडते. धोरणाचे मर्म एवढेच आहे. सिमेंटवाले राख आपणहून नेतात, कारण त्यांना तिचा उपयोग आहे.

एक सावधगिरी. राख म्हणजे खत नव्हे. तिच्यात नत्र जवळजवळ नसते, जड धातू असू शकतात. राखेची आणि मातीची तपासणी झाल्याशिवाय ती काळ्या रानात कोणी टाकू नये.

२०२१ मध्येच वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के काडीकचऱ्याच्या कांड्या जाळायला सांगितले गेले. म्हणजे बांधावर पेटवतो ती पऱ्हाटीही कच्चा माल ठरते. पण उपटणी, गोळा करणे आणि वाहतूक यांचा खर्च धरून भाव मिळत असेल तरच ती द्यावी. फुकट देऊ नये.

तेव्हा गावोगाव तीन गोष्टी करू. वरचा थर विकायचा नाही, असा ठराव ग्रामसभेत घ्यायचा. शाळाखोल्या, घरकुले, सरकारी इमारती यांना राखेच्या विटा लावल्या का, हे पंचायत समितीला लेखी विचारायचे. आणि राखेची उघडी गाडी पिकावरून उडत जात असेल, तर ताडपत्री बांधल्याशिवाय ती पुढे जाऊ द्यायची नाही.

त्यांच्या राखेची किंमत सरकारने टनावर ठरवली. आपल्या मातीची किंमत आपणच ठरवली पाहिजे.