माळ्यावरचे ओझे

जवळची महात्मा फुले मंडई १८८६ साली उभी राहिली. तेथील गाळा तो केवढा! पण पहाटे आलेली मेथी सायंकाळपर्यंत जावीच लागते. शिळ्या भाजीला गिऱ्हाईक नसते आणि उद्याच्या मालाला जागा हवी असते. आपल्या घरी मात्र माल येतो, जात नाही. तुळशीबागेतून दर सणाला पिशवी भरून येते, जुने माळ्यावर चढते. माळा भरला की खोकी जिन्यात, आजोबांच्या वाटेत. जुन्या लाकडी वाड्यात अशी अडगळ म्हणजे आगीला सरपण, शिवाय बाहेर पडायची वाट बंद.

दिवाळीला एकदाच सारे घर उपसण्यापेक्षा दरमहा एक फडताळ आवरावे. मात्र आजींना विचारल्याविना त्यांची ट्रंक उघडू नये. त्यातला पितळी डबा कदाचित माहेरची एकमेव खूण असेल. तो राहू द्यावा, वापरातही आणावा. धड कपडे धुऊन, घडी घालून गरजूंना द्यावेत. फाटके देणे हे दान नव्हे! रद्दी, पत्रा, काच निराळी बांधून कचरावेचक भगिनींच्या हाती द्यावी. त्यांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी २००८ साली करार झाला. हे सामान विकून येणारा पैसा त्यांच्याच संसाराला लागतो.