नखप्रसाधनगृहाची आखणी : आधी हवा, पाणी, उजेड, मग सजावट

(महिला लघुउद्योजकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



नखांची निगा राखण्याचा व्यवसाय आपल्या समाजाला नवा नाही. गावोगावचा नाभिक कारागीर धोकटीतून नराणी काढून ओटीवर अथवा अंगणात बसे आणि घरातील लहानथोरांची नखे काढून देई. लग्नघरी मुलीबाळींच्या हातांवर मेंदी चढे. या कामांना वेगळी खोली लागत नसे. उजेड आकाशाचा, वारा अंगणाचा, पाणी विहिरीचे. काम आटोपले की जागा झाडून घेतली म्हणजे झाले. आज हेच काम शहरातील गाळ्यात, बंद काचेच्या दाराआड, यंत्रे आणि रसायने यांच्या साहाय्याने होऊ लागले आहे. अंगणात जे विनासायास लाभत होते, ते आता मुद्दाम योजावे लागते. नखप्रसाधनगृहाच्या अंतर्गत आखणीचे सारे मर्म एवढ्यात आहे.

पणजी, मडगाव, म्हापसा, बेळगाव यांसारख्या शहरांत ब्युटी पार्लरच्या जोडीने नखप्रसाधनाची टेबले दिसू लागली आहेत. थोडक्या भांडवलात सुरू होणारा आणि हातातील कौशल्यावर चालणारा हा व्यवसाय अनेक भगिनींना स्वावलंबनाचा मार्ग वाटतो, आणि तो तसा आहेही. परंतु गाळा ताब्यात आला की पहिला खर्च आरसे, नक्षीचे छत, कोच आणि नावाची पाटी यांवर होतो. हवा आणि पाणी यांचा विचार उरलेल्या पैशात, बहुधा एका एक्झॉस्ट पंख्यावर आटोपला जातो. गिऱ्हाईक या खोलीत तासभर बसते. काम करणारी मुलगी मात्र तेथे दिवसाचे आठ-दहा तास, वर्षानुवर्षे श्वास घेते. म्हणून आखणी कोणासाठी करावयाची, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे.

या व्यवसायाचे आजचे रूप अमेरिकेत घडले. तेथील अनुभव आपल्यासाठी बोधप्रद आहे. १९७५ साली व्हिएतनाममधील युद्ध संपल्यावर हजारो निर्वासित कॅलिफोर्नियात आले. सॅक्रॅमेंटोनजीकच्या एका छावणीत ‘द बर्ड्स’ या १९६३ सालच्या चित्रपटाची नायिका टिपी हेड्रेन यांनी वीस व्हिएतनामी स्त्रियांना नखप्रसाधनाचे शिक्षण मिळवून दिले. परक्या देशात, परक्या भाषेत, हातातील कसबावर त्या स्त्रिया उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून असंख्य देशभगिनी या व्यवसायात आल्या आणि एके काळी श्रीमंतांपुरती असलेली ही सेवा सामान्यांच्या आटोक्यात आली. दुकाने मात्र लहान, दाटीची आणि कोंदट राहिली.

त्याचे परिणाम पुढे दिसले. २००० साली कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल या गावी एका नखप्रसाधनगृहात पाय भिजवून गेलेल्या गिऱ्हाइकांच्या पोटऱ्यांवर गळवे उठू लागली. तपासाअंती अशा ११० व्यक्ती आढळल्या. पाण्याला भोवऱ्यासारखी गती देणारे दहा टब तेथे होते आणि दहाही टबांत मायकोबॅक्टेरियम फॉर्ट्युइटम हा जंतू सापडला. पाणी आत ओढून घेणाऱ्या जाळ्या कधीच काढून धुतल्या गेल्या नव्हत्या. त्यांच्यामागे केस आणि कातडीचा मळ साचून जंतूंचे घर झाले होते. ज्यांनी येण्यापूर्वी पायांवरील केस वस्तऱ्याने काढले होते, त्यांना धोका अधिक झाला. कित्येकांची गळवे महिनोन्‌महिने बरी झाली नाहीत आणि मागे व्रण ठेवून गेली. तो टब वरून चकचकीतच दिसत असला पाहिजे. दोष होता तो हात न पोहोचणाऱ्या जागेत.

यावरून पहिला नियम निघतो. जे हाताने घासता येत नाही, ते पाण्याच्या कामात वापरू नये. लहान दुकानासाठी नळ्या आणि जाळ्या असलेल्या टबापेक्षा साधे स्टीलचे किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकचे टब उत्तम. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर टब रिकामा करून साबणाने घासावा, जंतुनाशक द्राव भरून दहा मिनिटे ठेवावा, मग धुऊन कोरडा करावा. ही दहा मिनिटे पाळता यावीत म्हणून एका खुर्चीमागे किमान दोन टब हवेत आणि दुसरा टब ठेवण्यास जागा हवी. आखणी म्हणजे नेमके हेच : जो नियम पाळावयाचा, त्याला खोलीत जागा नेमून देणे.

दुसरा प्रश्न हवेचा. नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन, कृत्रिम नखांसाठी वापरावयाचे ॲक्रिलिकचे द्रव, रंगांतील द्रावके, या साऱ्यांची वाफ खोलीत पसरते. नखे कानसताना उडणारी बारीक धूळ वेगळीच. टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट या तीन द्रव्यांबद्दल जगभर चिंता व्यक्त झाली आणि अनेक उत्पादकांनी ती वगळली. युरोपीय संघाने जेल रंगांतील टीपीओ या घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली. डबीवरील घटक वाचून माल घेणे अगत्याचे आहेच. पण घटक बदलले तरी वाफ आणि धूळ उरतेच, आणि त्यांना वाट काढून देणे हे खोलीचे काम आहे.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. वातानुकूलन यंत्र म्हणजे वायुवीजन नव्हे. भिंतीवरील सर्वसाधारण एसी खोलीतील तीच हवा थंड करून परत सोडतो. तिच्यासोबत वाफही फिरत राहते. दुसरे असे की ॲसिटोनसारख्या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते. छतालगत बसविलेला पंखा ती वर ओढू लागला, तर ती टेबलावरून प्रथम काम करणारीच्या नाकातोंडापर्यंत येते आणि मग बाहेर जाते. नेहमीच्या कापडी मुखपट्टीने ही वाफ अडत नाही. म्हणून शोषणाची सोय टेबलाशीच हवी. न्यू यॉर्क राज्याने २०१६ साली नव्या नखप्रसाधनगृहांसाठी जो नियम लागू केला, त्याचे तत्त्व हेच आहे. रसायन जेथे वापरले जाते, तेथून बारा इंचांच्या आत शोषणाचे तोंड असावे, प्रत्येक आसनामागे मिनिटाला ५० घनफूट हवा ओढली जावी आणि ती इमारतीबाहेर सोडली जावी. त्या बदल्यात माणशी मिनिटाला २० घनफूट आणि जमिनीच्या दर चौरस फुटामागे ०.१२ घनफूट बाहेरची हवा आत यावी. हा कायदा आपल्या देशाचा नव्हे. पण माणसाची फुप्फुसे सर्वत्र सारखीच असल्यामुळे हे प्रमाण मार्गदर्शक मानण्यास हरकत नाही.

आता आतून दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब, म्हणजे २०० चौरस फुटांचा गाळा उदाहरणादाखल घेऊ. त्यात नखांची दोन टेबले आणि पायांच्या निगेसाठी, म्हणजे पेडिक्युअरसाठी, एक खुर्ची सुखाने बसते. लांबीचे तीन भाग करावेत. दारालगतचे चार फूट प्रतीक्षेचा बाक आणि पैशांची पेटी यांसाठी. मधले नऊ फूट दोन टेबलांसाठी. मागचे सात फूट ओल्या कामासाठी, म्हणजे पेडिक्युअरची खुर्ची, धुण्याची मोरी आणि कपाट यांसाठी. रुंदीचा हिशेबही जमतो. टेबल दीड फूट रुंद, त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्चीसाठी अडीच-अडीच फूट, असे साडेसहा फूट झाले. उरलेल्या साडेतीन फुटांत येण्याजाण्याची मोकळी वाट राहते. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या भगिनीलाही ती पुरते. मात्र दारही तीन फूट मोकळे हवे आणि उंबऱ्याच्या जागी उतरण हवी.

याच गाळ्यात हवेचे गणित असे होते. तीन आसने, प्रत्येकी ५० घनफूट, म्हणजे मिनिटाला १५० घनफूट हवा बाहेर जावयास हवी. आत सहा माणसे धरली तर त्यांची १२० आणि जमिनीची २४, मिळून १४४ घनफूट हवा आत यावयास हवी. दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. शोषणाची नळी टेबलाखालून भिंतीलगत मागे न्यावी आणि मागच्या भिंतीतून बाहेर काढावी. तिचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे वा जिन्याकडे नसावे. हवा आत येण्याची जागा समोरच्या बाजूस ठेवावी, म्हणजे स्वच्छ हवा प्रथम माणसांना मिळेल आणि दूषित हवा त्यांच्यापासून दूर जाईल.

पाण्याची कामे मागच्या एकाच भिंतीशी ठेवल्याने नळ आणि निचरा एकत्र येतो, लादीला मोरीकडे उतार देता येतो आणि टेबलांकडील जमीन कोरडी राहते. गोव्यात आणि कोकणात जूनपासून चार महिने ओल असते. टॉवेल वाळत नाहीत, रेक्झिनच्या गाद्यांवर बुरशी धरते. धुतलेल्या टॉवेलांची दोरी खोलीत कोठेतरी लटकविण्याऐवजी त्यांच्यासाठी वारा खेळणारी जागा आरंभीच राखावी. गालिचा टाळावा, त्यात धूळ मुरते. टेबलाचा पृष्ठभाग काचेचा वा ग्रॅनाइटचा असावा, कारण रंगविलेले लाकूड ॲसिटोनच्या एका थेंबानेही डागाळते.

घरात खरकटी भांडी मोरीच्या एका बाजूस आणि घासलेली दुसऱ्या बाजूस ठेवण्याची रीत प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कात्र्या, चिमटे यांना हीच रीत लावावी. वापरलेली हत्यारे एका टोकाकडून यावीत, धुतली जावीत, निर्जंतुक व्हावीत आणि दुसऱ्या टोकाच्या झाकणबंद डब्यात जावीत. धातूच्या हत्यारांसाठी वाफेच्या दाबावर चालणारे ऑटोक्लेव्ह हे खरे साधन होय. निळसर दिव्याच्या पेटीत नुसती ठेवलेली हत्यारे निर्जंतुक होतात, असे मानू नये. लाकडी कानस धुऊन निर्जंतुक होत नाही. ती एका गिऱ्हाइकापुरतीच वापरावी.

उजेडाच्या बाबतीत एक विशेष खबरदारी घ्यावी लागते. रंगांची छटा नीट कळण्यासाठी दिवसासारखा पांढरा प्रकाश, साधारण ४००० ते ५००० केल्विनचा, टेबलावर हवा. परंतु जेल रंग अतिनील किरणांनी घट्ट होतात. टेबल ऊन येणाऱ्या खिडकीशी ठेवले, तर डबीतला माल डबीतच आळतो. म्हणून खिडकी उत्तरेची असल्यास उत्तम. नसल्यास जाड पडदा लावावा.

आणखी एक गोष्ट आपल्या रीतिरिवाजांशी निगडित आहे. दुकान उघडताच देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती किंवा निरांजन लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही असून त्याची जड वाफ जमिनीलगत दूरवर पसरते. तेव्हा तसबीर दारालगतच्या भागात आणि रसायनांचे कपाट अगदी मागे, अशी व्यवस्था आखणीतच ठरवावी. पूजा रसायनांच्या बाटल्या उघडण्यापूर्वी आटोपावी आणि ज्योत शांत झाल्यावरच कामास लागावे. ॲसिटोनचा कापूस झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकावा; उरलेले द्रव मोरीत ओतू नये.

काम करणारीची खुर्ची उंची कमीजास्त करता येईल अशी आणि पाठीला आधार देणारी असावी. पेडिक्युअरसाठी तिला जमिनीलगतच्या स्टुलावर वाकवून बसविण्याऐवजी गिऱ्हाइकाची खुर्ची चौथऱ्यावर घ्यावी. चौथऱ्याचा खर्च एकदाच होतो. वाकलेल्या पाठीचे दुखणे मात्र जन्मभर सोबत राहते.

बँकेकडे कर्ज मागताना, मग ते २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेखाली असो वा अन्य मार्गाने, अर्जाबरोबर खुर्च्या-यंत्रांची यादी जोडली जाते. त्या यादीत शोषणाची नळी, मोरीचा उतार आणि ऑटोक्लेव्ह यांचा खर्चही प्रारंभीच दाखवावा. मागाहून भिंत फोडणे सदैव महाग पडते. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांनी पाहणीच्या वेळी दूषित हवा बाहेर कोठून जाते, एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. सौंदर्यप्रसाधनाचे शिक्षण देणाऱ्या शिक्षकांनी नखांवरील नक्षीबरोबरच खोलीचा नकाशा काढण्याचा पाठही विद्यार्थिनींना द्यावा.

व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या भगिनींनी गाळ्याची अनामत रक्कम देण्यापूर्वी एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी त्यात उभे राहून पाहावे. मागच्या भिंतीला बाहेर मोकळी जागा आहे काय, पाण्याचा निचरा तेथपर्यंत पोहोचतो काय, आणि भिंतीला भोक पाडण्यास मालकाची संमती करारात लिहून मिळते काय, याची खात्री करून घ्यावी. तिन्ही उत्तरे होकारार्थी आली, तर आरसे आणि पडदे मिळकतीतून पुढेही घेता येतील. एकही उत्तर नकारार्थी आले, तर गाळा कितीही देखणा असला तरी दुसरा शोधावा, हेच श्रेयस्कर.