अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू : आलेख आणि पुढची वाटचाल
(खोपट, ठाणे येथील व्याख्यानाची संहिता)



दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले बाळ काचेच्या पेटीत ठेवले की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "वाचेल ना?" तो सुटला की दुसरा मनात येतो, परंतु तो उच्चारण्याचे धैर्य सहसा होत नाही. "चारचौघांसारखे होईल ना?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मेंदूच्या विद्युत-आलेखातून किती मिळते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म हा अपुऱ्या दिवसांचा मानतात. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली. गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत मेंदूच्या गुळगुळीत पृष्ठभागावर घड्या पडत जातात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे हे काम आईच्या उदराऐवजी दिव्यांच्या उजेडात आणि यंत्रांच्या आवाजात व्हावे लागते.

मानवी मेंदूतील विद्युत-लहरींची पहिली नोंद जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतली. पुढे १९६९ मध्ये मेनार्ड, प्रायर व स्कॉट यांनी लंडनमध्ये अहोरात्र नोंद घेणारे सुटसुटीत यंत्र प्रसिद्ध केले. ते होते मोठ्या माणसांसाठी. नवजातांसाठी त्याचा उपयोग नंतर स्वीडनमधील लुंड येथे विशेष विकसित झाला. यात कागद तासाला अवघा सहा सेंटीमीटर सरकतो, म्हणजे संपूर्ण दिवसाची नोंद दीड मीटरहूनही कमी! कापडाच्या पट्टीसारखी ती दिसते आणि डॉक्टर पाहतात ते तिचे दोन्ही काठ. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात खालचा काठ ५ आणि वरचा १० मायक्रोव्होल्टच्या वर राहतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र लहरी तुटक असतात. क्षणभर उसळी, मग शांतता. त्या वयात तो दोष नव्हे. दिवस जातील तशी शांतता आखूड होते, खालचा काठ वर सरकतो आणि साधारण तिसाव्या आठवड्यापासून झोप व जागेपण यांचा फेर आलेखावर उमटू लागतो. हा फेर वेळेवर दिसला तर आशा वाढते. आलेख दीर्घकाळ दबलेलाच राहिला, तर मेंदूतील रक्तस्राव वा इजेची शंका येते. अर्थात झोपेच्या औषधांनीही आलेख दबतो; म्हणून सोनोग्राफी आणि प्रत्यक्ष तपासणी यांच्या जोडीनेच त्याचा अर्थ लावावा लागतो.

पेटीतील हे दिवस सरले की खरी परीक्षा घरी सुरू होते. याचे मोलाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मागोवा थेट अठराव्या वर्षापर्यंत घेतला. अठरा वर्षे! एवढ्या काळात घरे बदलतात, गावे बदलतात. या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता सामान्य मर्यादेत, मात्र पूर्ण वजनाच्या मुलांहून कमी आढळली. वाचन व गणितातही काही मुले मागे पडली. अशा अडचणी शाळेत गेल्यावरच उघड होतात. पहिल्या आठवड्यातील कोणताही आलेख त्या नेमक्या सांगू शकत नाही.

म्हणूनच नियमित फेरतपासणी हवी. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांसाठी तयार केलेली विकासमापन पट्टी अडीच वर्षांपर्यंत वापरता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हा ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघर येथे झाला. विकासातील विलंब वेळीच ओळखणे हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक. व्यवस्था आहे, पण बाळ हसू लागले की तारखा चुकतात. कारण बहुधा अनास्था नसून बुडणारी मजुरी आणि प्रवासखर्च असतो. दानशूर मंडळी यंत्र देतात, त्यावर नावाची पाटीही लागते. खोपटच्या एस. टी. स्थानकावर बाळाला दुपट्यात गुंडाळून उतरणाऱ्या आईच्या तिकिटावर पाटी लागत नाही; पण ते तिकीट कोणी दिले, तर यंत्राच्या किमतीचे काम थोडक्यात होईल.

अशा बाळाचे वय मोजताना जितके आठवडे ते लवकर आले तितके वजा करावेत. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी विकासाच्या हिशेबात ते तीनच महिन्यांचे. मान उशिरा धरली म्हणून शेजारपाजारी कुजबुज झाली, तर प्रथम ही वजाबाकी करावी. तिच्यानंतरही बाळ मागे वाटले, तर पुढील तारखेची वाट न पाहता त्याला दाखवावे.